खंडोबाच्या डबीवरचा झार

डबीवरची हळद काढू नका, असं मी शेवटी म्हटलं तेव्हा माझा आवाज इतका बारीक निघाला, की प्रोफेसरबाईंनी मला पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा थोडा मोठा निघाला. माझं धाडस म्हणाल तर एवढंच. पण ते सांगायचं तर आधी डबीबद्दल सांगायला हवं, आणि डबीबद्दल सांगायचं तर आजीबद्दल.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, नाशिकजवळ विमानांच्या कारखान्याच्या वसाहतीत धुणीभांडी करायची. त्या काळी कारखान्याच्या कामासाठी रशियातून इंजिनियर यायचे, बायकामुलांसकट दोन-तीन वर्षं राहायचे आणि परत जायचे. बाजारातले भाजीवाले त्यांच्याशी रशियन आकड्यांत भाव करायचे. आजीला आकडे येत होतेच, शिवाय ‘गरम पाणी’, ‘हळू’ आणि ‘उद्या’ हे तीन शब्द येत होते. तेवढ्यावर तिनं अनेक वर्षं काम केलं. एका घरच्या बाईंनी परत जाताना तिला ही डबी दिली.

डबी ओंजळीत मावेल एवढी आहे. बाहेरून काळी, आतून लाल. झाकणावर घोडेस्वार: पुढचे दोन पाय उचललेला पांढरा घोडा, त्यावर सोनेरी झग्यातला दाढीवाला माणूस, हातात तलवार. त्याच्या मागे देऊळ, आणि देवळाच्या शिखरांवर चक्क कांदे. आमचं कुलदैवत खंडोबा. घोडा होता, तलवार होती, अंग सोन्यासारखं पिवळं होतं. नुसत्या मिशांच्या जागी दाढीही होती, पण तेवढं आजीनं चालवून घेतलं. कांद्यांनी तर कामच केलं. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-वांगं बंद असतं आणि चंपाषष्ठीला, खंडोबाच्या सणाला, ते पुन्हा सुरू होतं. देवामागे कांदे पाहिल्यावर आजीला आणखी खूण नको होती. तिनं डबीत भंडारा भरला, म्हणजे खंडोबाला वाहतात ती हळद, आणि डबी देवघरात ठेवली. दर रविवारी त्यात बोट बुडवून ती झाकणावरच्या स्वाराच्या कपाळाला लावायची. तिच्यानंतर आई लावत आली. चाळीसेक वर्षांत कपाळाची हळद झग्यावर, घोड्यावर, आकाशावर पसरली. आता काळी डबी आहे असं सांगावं लागतं, तिच्याकडे पाहून ते कळत नाही.

ही डबी आईच्या हातातल्या पिशवीतून अमेरिकेत आली. आम्ही हर्नडनला राहतो. इथली आमच्या ओळखीची मराठी माणसं बहुतेक सगळी कॉम्प्युटरवाली. आमचं तसं नाही. आत्या इथे नर्स होती, तिनं भावासाठी अर्ज केला होता, आणि त्याचा नंबर लागला तेव्हा मी नववीत होते. बाबा विमानतळावर प्रवाशांची शटल चालवतात. आई घरी पोळ्या करते. संध्याकाळी काकू लोक पोळ्यांची पाकिटं न्यायला येतात आणि मला विचारतात, “मेजर काय घेतलंस?” मी हिस्टरी म्हणते. मग त्या आईकडे बघतात, आजारी माणसाच्या घरच्यांकडे बघावं तशा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे वाक्य मी फॉर्मवर इतक्यांदा लिहिलं आहे की ते माझ्या नावासारखं झालं आहे. पण त्याचा अर्थ मला वर्गात बसल्यावर कळला. इतरांना काही गोष्टी आधीपासून माहीत असतात. ऑफिस अवर्स म्हणजे प्रोफेसरांनी आपल्याला हाकलायची नव्हे, बोलवायची वेळ, हे मला पहिल्या वर्षाच्या शेवटी समजलं. त्यामुळे कुणी काही ठामपणे सांगितलं की मी मान हलवते. समोरच्याला माहीत असणार, मला नसणार, असं धरून चालते.

दुसऱ्या वर्षी मी वस्तूंवरून इतिहास कसा वाचायचा याचा एक कोर्स घेतला. प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची, तिच्यावर सेमिस्टरभर काम करायचं, आणि शेवटी त्या वस्तू लायब्ररीच्या तळमजल्यावर काचेच्या कपाटात मांडायच्या, खाली आपलं नाव घालून. उद्घाटनाला घरच्यांना बोलवायचं होतं. आई-बाबांनी माझं कॉलेज तोपर्यंत फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. ते दोघं त्या कपाटासमोर उभे आहेत आणि माझं नाव वाचताहेत, हे चित्र मी मनात इतक्यांदा बघितलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं.

जुनी अशी वस्तू आमच्याकडे एकच. आईनं डबीतला भंडारा वाटीत काढला, डबी स्वच्छ फडक्यात बांधली आणि म्हणाली, “ने. पण चंपाषष्ठीच्या आत घरात पाहिजे.”

प्रोफेसरबाईंनी ती हातमोजे घालून घेतली. भिंगाच्या दिव्याखाली त्यांनी ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. ही लाकडाची नाही, कागदाची आहे, त्या म्हणाल्या. कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे, तेलात मुरवायचे, भट्टीत वाळवायचे, त्यावर काळ्या रोगणाचे हात द्यायचे आणि मग दोन-चार केसांच्या ब्रशनं चित्र काढायचं. सोनेरी रेघा खऱ्या सोन्याच्या, आणि सोनं चमकवायला लांडग्याचा दात वापरत. मी ऐकत राहिले. आमच्या देवघरात लांडग्याच्या दातानं घासलेलं सोनं होतं आणि आम्ही त्यावर हळद थापत होतो.

“आणि हा कोण, माहीत आहे ना?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तो रशियाचा झार होता. त्यांनी नाव सांगितलं. रागाच्या भरात पोटच्या मुलाचा जीव घेतला असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो.

“तुमच्या घरी याला काय म्हणतात?”

“खंडोबा,” मी म्हटलं, आणि खंडोबा म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. शेजारी त्यांचा सहायक बसला होता. पुण्याचा, पीएचडी करणारा, जुन्या वस्तूंची स्वच्छता शिकणारा. वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी त्याला दादा म्हणते. तो मराठीवर आला.

“थांब, थांब. आजी याला भंडारा लावायची?”

“हो.”

“दर रविवारी?”

“हो.”

“यार, कसलं भारी आहे हे. डायरेक्ट झारला खंडोबा केलं. आता म्हाळसा कुठून आणायची, मॉस्कोहून?”

मी हसले. हे लिहिताना मला कसंतरी होतंय, पण लिहायलाच हवं: मी त्याच्याहून जास्त हसले. आजीला चार फटके मारावेत तशी हसले. मग मीच वर सांगितलं, “आणि त्या घुमटांना ती कांदे म्हणायची.” त्यावर तो खुर्चीत मागे रेलून हसला.

त्यानंतर त्यानं कपाटात लावायच्या पाटीचा कच्चा मजकूर केला. त्यात होतं: चुकीच्या ओळखीमुळे घरगुती पूजेत वापर, हळदीमुळे पृष्ठभागाची हानी, स्वच्छता करून मूळ चित्र पूर्ववत. सोबत स्वच्छतेला संमती देणारा फॉर्म होता. मी सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. बाई दोनदा म्हणाल्या, “घरी विचारून ये हवं तर.” मीच म्हटलं, गरज नाही.

घरी आले तेव्हा आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. साठ पोळ्यांची ऑर्डर होती. बाबा शिफ्टवरून आले होते आणि पाकिटं भरत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“आई, तो खंडोबा नाही. रशियाचा राजा आहे.”

“माहितीय,” आई म्हणाली. लाटणं थांबलं नाही.

“काय माहितीय?”

“राजा आहे ते. त्या रशियन बाईनं देतानाच सांगितलं होतं. डोक्यावर हात धरून मुकुट करून दाखवला म्हणे. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं.”

मी बाबांकडे पाहिलं. ते पाकिटात पोळ्या मोजून घालत होते. त्यांनी मान डोलावली, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

“मग आजी त्याला खंडोबा का म्हणायची?”

“मी पण विचारलं होतं. नवीन होते ना, सगळं विचारायची. तर म्हणाल्या, त्यांच्या घरात मी त्यांनी सांगितलेलं काम केलं. हा माझ्या घरात आलाय, तर हा मी सांगेन ते काम करेल.”

“आणि कांदे?” बाबांनी विचारलं.

“कांद्यांचं त्या खरंच मानायच्या,” आई म्हणाली.

मी स्टुलावर बसले. वीस वर्षं मी समजत होते की माझ्या आजीला कळलं नव्हतं. आणि त्या दुपारी तिच्या न कळण्यावर मी एका परक्या माणसासोबत पोट धरून हसले होते. तिला सगळं कळलं होतं. तिनं राजाला पाहिलं, राजा म्हणून ओळखलं, आणि त्याला कामाला लावलं.

तरी एक गोष्ट तिला बहुतेक माहीत नव्हती. ती मी आईला सांगितली. झारच्या मुलाची.

आईचा हात थांबला. “स्वतःच्या?”

“असं सांगतात.”

“बाई गं.” तिनं तव्यावरची पोळी उलटली. ती उतरवून घेत म्हणाली, “चाळीस वर्षं हळद लागतेय त्याला. निवला असेल.”

मग मी हळद काढण्याचं सांगितलं. सही दिल्याचंही. मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

“सगळी काढणार?” तिनं विचारलं.

“सगळी.”

“तुला मार्क मिळणार असतील तर बघ.”

एवढंच. आई माझ्या कॉलेजच्या बाबतीत कधी बोलत नाही, कारण तिला वाटतं मला माहीत असणार, तिला नसणार. ती त्या क्षणी माझ्यासारखीच मान हलवत होती, आणि मी कुणीतरी ठामपणे सांगणारी झाले होते. बाबा पाकिटाला रबर लावत म्हणाले, “धुतली की मग ती कुणाचीही डबी.” ते काही मला उद्देशून म्हणाले नाहीत. असंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून गेले. तरी उशीर झाला होता. दादानं सकाळीच चाचणी म्हणून डाव्या कोपऱ्यात नखाएवढी जागा साफ केली होती. त्यानं मला ती भिंगाखाली दाखवली आणि मी आणखी खाली वाकले. त्या नखाएवढ्या जागेत काळंभोर आकाश होतं, आणि त्यात केसाहून बारीक सोनेरी रेघांचं झाड. प्रत्येक पान वेगळं. कुणीतरी श्वास रोखून ते पान काढलं असणार, आणि आम्ही ते गाडून टाकलं होतं. क्षणभर मलाच वाटलं, होऊ दे सगळं साफ. त्या चित्रकाराचाही काही हक्क असेल. हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण कॉटनचा पिवळा बोळा टेबलावर पडला होता, आणि तो बघवत नव्हता.

तेव्हा मी ते वाक्य दोनदा म्हटलं.

प्रोफेसरबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुझी वस्तू आहे, तुझा निर्णय. पण मग ती कपाटात ठेवता येणार नाही. तिची पूड सुटते. तुझ्या शेजारी एका मुलीच्या पणजीची पांढरी गोधडी आहे. तिला पिवळा डाग पडला तर मी तिला काय सांगू?”

त्यांचं बरोबर होतं, हाच तर त्रास होता. समोर कुणी दुष्ट असतं तर भांडणं सोपं गेलं असतं. मला आई-बाबा कपाटासमोर उभे दिसले, आणि मग ते चित्र मी स्वतःच पुसलं.

“नको ठेवू या कपाटात,” मी म्हटलं.

“कारण सांगशील?”

“ती हानी नाही. आणि ती चूकही नव्हती.” मी आजीचं म्हणणं सांगितलं. इंग्रजीत ते नीट उतरलं नाही, पण बाईंनी मध्ये न बोलता ऐकलं.

दादा मराठीत म्हणाला, “अगं, पण हे आईनं सांगितलं, तिला आजीनं. ऐकीव आहे ना. सोर्स म्हणून कसं धरणार?”

“तुझ्या पाटीवर चुकीच्या ओळखीमुळे असं लिहिलंयस. त्याला सोर्स काय?”

“तूच सांगितलंस.”

“मी खंडोबा म्हणाले. चूक आहे असं म्हणाले नव्हते. ते तू घातलंस.”

वयानं मोठ्या माणसाला असं मी कधी बोलले नव्हते. त्यानं लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली आणि खोडली. “बरं बाई,” म्हणाला. “तुझी आजी कडक होती.” मग लॅपटॉप मिटत म्हणाला, “काल मी जरा जास्तच हसलो.”

“मी पण,” मी म्हटलं.

सही केलेला फॉर्म बाईंनी मला परत दिला. मी तो तिथेच फाडला. लागत नव्हता तरी चार तुकडे केले.

त्याच आठवड्यात चंपाषष्ठी होती. आईनं वांग्याचं भरीत केलं, बाबांनी डबी हातात घेतली आणि साफ केलेला कोपरा त्यांना लगेच दिसला. आईलाही दाखवला. तिनं अंगठ्यानं ती जागा चाचपली, गुडघा फुटलेल्या पोराला चाचपतात तशी. मी म्हटलं, “सॉरी.” ती म्हणाली, “झाड छान आहे गं. एवढे दिवस दिसलंच नव्हतं.” तिनं त्या जागेवर मुद्दाम हळद लावली नाही, आणि ती जागा मुद्दाम मोकळीही राखली नाही. नेहमीसारखी कपाळावर लावली. उरलेली कुठे जाईल ते तिनं डबीवर सोडलं. तळी उचलायला पाच जण लागतात. बाबा होते, पोळ्या न्यायला आलेली सॉफ्टवेअरमधली दोन मुलं होती, आई होती. पाचवी मी. बायकांनी उचलायची का, असं त्यातल्या एकानं विचारलं. बाबा म्हणाले, “ताम्हण धर.”

कोर्सच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना आपल्या वस्तूबद्दल वर्गात पाच मिनिटं बोलायचं होतं. वस्तू कपाटात नसली तरी बोलणं चुकलं नव्हतं. मी भरलेली डबी घेऊन गेले, हातमोजे घातले नाहीत. कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं, कारण पाठ केलं असतं तर विसरले असते. माझी आजी लोकांची भांडी घासायची, हे मी कॉलेजात पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. हे चित्र एका क्रूर राजाचं आहे, तिला तो राजा आहे हे ठाऊक होतं, आणि तरीही चाळीस वर्षं तो आमच्या घरी देवाची जागा भरतो आहे, हेही म्हटलं. सोन्याच्या झाडाबद्दल सांगितलं. ते झाड झाकणं बरोबर की चूक, हे मला कळत नाही, असंही सांगितलं. पण हा निर्णय ज्यांच्या घरात डबी आहे त्यांनी घ्यायचा, आणि आम्ही तो घेतला आहे.

गोधडीवाल्या मुलीनं विचारलं, “उघडून बघू?”

मी दिली. झाकण घट्ट बसतं, तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं जोर लावला आणि अर्धा भंडारा पांढऱ्या टेबलावर सांडला. ती घाबरून सॉरी सॉरी म्हणू लागली. दादा चटकन उठला आणि ओला टिश्यू घेऊन आला. हळदीला पाणी लावलं की ती बसते, हे पुण्याच्या माणसाला मी काय सांगायचं. त्यानं एकदा फिरवला आणि पिवळ्याचं केशरी झालं, पंजाएवढं. बाई उठून बघायला आल्या. वर्गात कुणी हसलं नाही, मग मीच हसले, आणि मग सगळे.

“निघेल का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. या वेळी पुन्हा म्हणावं लागलं नाही.

मला बी प्लस मिळाला. कपाटातल्या वस्तूंना वेगळे मार्क होते, ते गेले. आईनं विचारलं, बी म्हणजे पास ना, मी म्हटलं, पास. पुढच्या सेमिस्टरचा एक वर्ग त्याच खोलीत आला. टेबलावर कुणीतरी ब्लीच वापरून पाहिलं असावं, डाग फिका झाला होता, पण होता. मुलं त्या जागेवर वही ठेवायला कचरत होती. मी त्या डागासमोरच्याच खुर्चीवर बसायला लागले.